निर्ण्याचं चिनी कपाट

१

बेंगळुरूहून आलेल्या बाईंनी कपाटाच्या उजव्या दारावरच्या बगळ्यावर तळहात टेकला आणि चटकन मागे घेतला. पुन्हा टेकला. मग पर्समधून बारीक सुई काढून त्यांनी ती बगळ्याच्या पायाजवळ, सहज नजर जाणार नाही अशा जागी, हलकेच ओढली. पांढरी रेघ उठली.

हे जेड नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. जेड हा दगड हाताला गार लागतो आणि गारच राहतो. सुईनं त्याला ओरखडाही जात नाही. हे साच्यात ओतलेलं रेझिन आहे, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. काम सुंदर आहे, पण कपाट विकत घ्यायला मी आलेय ते या कामासाठी नाही.

भगवानराव बिरादारांना आधी वाटलं, बाई भाव पाडायला बघतायत. बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची डाळ मिल होती आणि मिलच्या मागच्या गोदामात हे कपाट उभं होतं. माणसाहून उंच, काळ्या चकचकीत रोगणाचं. दोन्ही दारांवर हिरव्या-पांढऱ्या दगडात कोरलेले बगळे, फुलं आणि एक डोंगर. महिन्याभरापूर्वी त्यांनी ते निर्णा गावातून विकत आणलं होतं. त्या दिवशी कलबुर्गीचे जुन्या सामानाचे व्यापारी लिंगराज सोबत होते. त्यांनी हाच बगळा चाकूनं घासून बघितला होता आणि चाकूचंच टोक बोथट झालं होतं.

म्हणजे दगड तेव्हा खरे होते आणि आज खोटे होते. गोदामाचं कुलूप शाबूत होतं. मधल्या काळात कपाटाला हात लावला होता तो एकट्या व्यंकट पांचाळनं. या सुतार मिस्त्रीनं आठवडाभर तिथं बसून कपाटाचा मोडका पाय नीट केला होता. आजही बाईंना दार उघडून दाखवायला सावकारांनी, म्हणजे भगवानरावांनी, त्यालाच बोलावलं होतं.

पोलिसांची गाडी आली. गाडीत चढताना व्यंकट वळून म्हणाला, "सावकार, दगड बदलले न्हाईत. दारंच बदलल्यात. अख्खी."

ते बाकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फौजदारानं भगवानरावांकडे बघितलं. जे चोरालाच माहीत असणार ते हा माणूस आपल्या तोंडानं सांगत होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंका मेत्रे मिलच्या फाटकाशी स्कूटी लावत होती, तेव्हा एक बाई तिथं आधीच उभी होती. व्यंकटची बायको नागम्मा. पहाटेपासून आली होती, आत कुणी घेतलं नव्हतं. तिनं प्रियंकाला पोलीस खात्यातली समजून हात जोडले. प्रियंकानं सांगितलं, मी पोलीस नाही, विमा कंपनीसाठी नुकसानीची चौकशी करते. नागम्माला त्यातला फरक कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "चौकशी म्हणजे चौकशीच न्हवं? मग नीट करा, अक्का."

प्रियंकाला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. बीदर-कलबुर्गी पट्ट्यातल्या आगी, अपघात, चोऱ्या तपासून कंपनीला अहवाल द्यायचा हे तिचं काम. खरं-खोटं ठरवून ती घरी जायची. अहवालामुळे कोण आत राहतं, कोण बाहेर येतं, याच्याशी तिचा संबंध सहसा येत नसे. आज आला होता. कंपनीचा फोनही सकाळपासून दोनदा वाजला होता. कपाट बेंगळुरूला न्यायचं म्हणून भगवानरावांनी नुकताच त्याचा मोठा विमा उतरवला होता आणि कंपनीला संशय होता तो त्यांच्यावरच.

गोदामात उकाडा होता. पत्र्यावरून हवाई दलाची सरावाची विमानं पुन्हा पुन्हा घिरट्या घालत होती आणि प्रत्येक वेळी बोलणं तुटत होतं. प्रियंकानं दारांच्या कडा बोटांनी चाचपल्या. रोगणावर कुठं टवका नाही, खरवडल्याची खूण नाही. इतके दगड एकेक उपसून दुसरे बसवले असते, तर काळं रोगण जागोजागी फुटलं असतं. म्हणजे व्यंकट खरं बोलला होता. दारं अख्खीच बदलली होती. कशी, तेही दिसत होतं. या दारांना बिजागऱ्या नव्हत्या. वर-खाली लाकडी खुंट्या होत्या आणि त्या चौकटीच्या खोबणीत बसत होत्या. दार उचलून थोडं तिरकं केलं की निघून येत होतं.

तिनं दार उघडून आतली बाजू बघितली. आत कुंकवाची बोटं उमटवलेली होती. पाच-पाच बोटांच्या ओळी, एकाखाली एक, वरच्या फिकट आणि खालच्या ठळक. सगळ्या एकाच बाजूला किंचित कललेल्या. बाहेरून चिनी राजवाडा आणि आतून देवघर, असं ते दिसत होतं. प्रियंकानं बोट ओलं करून एका ठशावर जोरात घासलं. बोट स्वच्छच राहिलं.

पहारेकरी शरणप्पाला तिनं बाहेर सावलीत बसवून विचारलं. मिस्त्रीचं काम संपल्यावर गोदामात कोण आलं? तो म्हणाला, "बाहेरचं कोण न्हाई, मॅडम. घरची माणसं येत्यात, जात्यात. त्यांला मी काय इचारू?"

बाहेर काय गेलं, या प्रश्नावर तो जरा चिडला. डाळीची पोती बाहेर जात होती, रिकामा बारदाना आत येत होता. सावकारांच्या लेकीनं प्रदर्शनाचे बोर्ड चादरीत गुंडाळून आणून ठेवले होते, पण इथं धुरळा फार म्हणून तिनं ते त्याच दिवशी हातगाडीवरून परत नेले. जे आत आलं तेच बाहेर गेलं, बाकी काडीसुद्धा हलली नाही, असं त्यानं आपल्या लेकराची शपथ घेऊन सांगितलं.

प्रियंका उठली. ती फाटकाकडे चालू लागली आणि मध्येच थांबली. तिला एक साधी गोष्ट खुपत होती. विकणारा कधी दाराची आतली बाजू दाखवत नाही, घेणारा ती बघत नाही. मग खोटं दार करणाऱ्यानं कुणा बाईच्या कुंकवाची इतकी बोटं एकेक करून रंगानं का काढावीत?

३

पोलीस ठाण्यात व्यंकटला बाकावर बसवलं होतं. पन्नाशीचा, सडपातळ. तो जमिनीकडे बघत नव्हता, सरळ प्रियंकाकडे बघत होता. तिनं पहिलाच प्रश्न तोच विचारला. दारं बदललीत हे तुला कसं कळलं?

"वजनानं," तो म्हणाला. "पाय बसवताना मी दोन्ही दारं काढून ठेवल्ती. डावं दार तर लई जड, पोटाला लावून उचलावं लागायचं. काल बाईंसाठी ओढलं तर पत्र्यावाणी आलं हातात."

मग लगेच का बोलला नाहीस? तो म्हणाला, बोलणारच होतो, तेवढ्यात बाईंनी सुई काढली आणि सगळे एकदम माझ्याकडेच बघायला लागले.

दारं काढल्यावर आतली बाजू बघितली होतीस का, असं प्रियंकानं विचारलं. त्यानं डोळे मिटून आठवलं. कुंकू होतं, असं म्हणाला. हात लागून त्याचा तळवा लाल झाला होता. त्यानं तो धोतराला पुसला आणि नागम्मानं धोतरावरचा डाग बघून काय लागलं म्हणून विचारलं होतं.

फौजदाराला प्रियंकानं सांगितलं की आत्ताच्या दारांवरचं कुंकू हाताला लागत नाही. तो हसला नाही, पण वही मिटून म्हणाला की त्यानं फार तर दारं बदलल्याचं सिद्ध होतं, कुणी बदलली ते नाही. आणि दार काढायची कला या माणसालाच येते, हे तो स्वतःच कबूल करतोय. उद्या त्याला कोर्टात उभं करायचंय.

प्रियंका बाहेर पडली तेव्हा पायरीवर नागम्मा बसली होती. मिलच्या फाटकापासून इथवर ती चालत आली होती.

४

भगवानरावांच्या घरी लिंगराजही आलेले होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हा सौदा मोडल्यापासून प्रत्येकाला दुसऱ्यावर शंका होती.

भगवानराव अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते. त्यांनी आधी विमा कंपनीवर तोंडसुख घेतलं, मग पोलिसांवर. प्रियंकानं विचारलं की निर्ण्यात असं कपाट आहे हे तुम्हाला कळलं कसं. ते म्हणाले, धंद्यात कानावर येतं. तिनं तोच प्रश्न लिंगराजना केला. लिंगराजनी खांदे उडवले. त्यांना स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं. भगवानरावांनी फोन करून बोलावलं, निर्ण्याला नेलं, तेव्हाच त्यांनी कपाट पहिल्यांदा बघितलं. दार उघडलंसुद्धा नव्हतं, कारण आत तुरीचं बियाणं भरलेलं होतं. असं नक्षीचं जेड, त्याला हैदराबादकडचे जुने लोक यशब म्हणतात, त्यांनी आयुष्यात दोनदाच बघितलं होतं.

"मालकिणीला तुम्ही तसं सांगितलं?" प्रियंकानं विचारलं.

भगवानराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेवटी लिंगराजच बोलले, "सावकार म्हातारीला म्हणले, अक्का, ही काच हाय, लाकूड बरं हाय म्हणून घ्यायलोय. आपण काय बोललो न्हाई. सौदा त्यांचा होता."

चहा घेऊन भगवानरावांची मुलगी मंजुश्री आत आली होती. हैदराबादला कलेच्या महाविद्यालयात शिकणारी, सुट्टीला घरी आलेली. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. तिनं वडिलांकडे बघितलं नाही. ती प्रियंकाला म्हणाली, "व्यंकटमामांना कधी सोडतील?"

सांगता येत नाही, असं प्रियंका म्हणाली. उद्या कोर्टात नेणार आहेत. मंजुश्री आत गेली आणि थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन पुन्हा आली. पाणी कुणी मागितलं नव्हतं. तिनं पुन्हा तेच विचारलं.

भगवानरावांना प्रियंकानं एकच गोष्ट आणखी विचारली. कपाट तुम्ही स्वतः पहिल्यांदा कधी बघितलं? संक्रांतीनंतर, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही वाटलं नाही. निघताना तिनं निर्ण्याचा पत्ता घेतला. दाराआतल्या त्या कुंकवाची मालकीण तिला बघायची होती.

५

निर्ण्यात कलाबाईंचं घर नवं होतं, सिमेंटचं, अजून रंग न दिलेलं. कलाबाई साठीच्या, विधवा, अंगणात तूर पाखडत बसलेल्या. पोलिसांचा माणूस येऊन गेल्यामुळे त्या घाबरलेल्या होत्या. आधी त्यांनी सांगितलं की मी काच म्हणूनच विकली, फसवलं नाही कुणाला. त्यांना वाटत होतं, काच निघाली म्हणून सावकार आता भांडायला येणार.

प्रियंकानं त्यांना शांत केलं. मग त्या मोकळेपणानं बोलल्या. निजामाचं राज्य गेल्यावर एका जहागीरदाराच्या सामानाचा लिलाव झाला होता. त्यांच्या सासऱ्यांना त्यात कुणी न घेतलेलं हे कपाट मिळालं. किडा लागत नाही म्हणून सासऱ्यांनी त्यात बियाणं ठेवायला सुरुवात केली. नव्या घराच्या दारातून कपाट आत जाईना आणि जुनं घर तर पाडायला काढलेलं. तेवढ्यात सावकार आले.

कुंकवाचं विचारल्यावर त्या हसल्या. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं घर रानात जेवायला जातं. संध्याकाळी परत आलं की त्या बियाणाच्या कपाटाला आतून कुंकवाची बोटं लावायच्या. दर वर्षी एक ओळ, आधीच्या ओळीखाली. लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं.

"औंदा बी लावलात?"

"लावलं की. पर ह्या हातानं." त्यांनी डावा हात वर केला. येळवशीच्या आधी त्या खळ्यात घसरून पडल्या होत्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. "बोटं उरफाटी उमटली. मी म्हणलं, देवा, चालवून घे."

प्रियंकानं पिशवीतून मोबाईल काढला आणि गोदामातल्या दाराचा फोटो मोठा करून बघितला. सगळ्या ओळी एकाच बाजूला कललेल्या होत्या. शेवटची उलटी ओळ नव्हतीच.

ती एकदम उभी राहिली, पुन्हा बसली. हे दार ज्यानं केलं त्यानं खरं दार यंदाच्या येळवशीच्या आधी बघितलं होतं. भगवानराव आणि लिंगराज आले ते संक्रांतीनंतर. व्यंकटच्या हातात कपाट आलं ते त्याहूनही उशिरा. त्याच्या तळव्याला तर ताजं कुंकू लागलं होतं.

येळवशीच्या आधी कपाट बघायला कुणी आलं होतं का, असं तिनं विचारलं. आपला आवाज घाईचा झालाय हे तिला कळत होतं.

कलाबाईंना आठवायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या सुमारास एक शिकणारी मुलगी आली होती. गावोगावची जुनी लाकडी कामं बघत हिंडत होती. इथं चार-सहा दिवस राहिली, बियाणं स्वतः उपसून कपाट रिकामं केलं, ज्वारीची भाकरी खाल्ली. "लई गुणाची पोरगी," कलाबाई म्हणाल्या. "दारावर चिखलावाणी कायतरी लेपायची, वाळलं की सोलून काढायची. मी म्हणलं, कामून करायलीस बाई? तर म्हणली, आजी, ह्याची सावली घेऊन जायलेय."

नाव? ते त्यांना सांगता आलं नाही. त्या तिला पोरी म्हणायच्या. बीदरची होती एवढं नक्की.

६

त्याच संध्याकाळी प्रियंकानं सगळ्यांना गोदामातच बोलावलं. भगवानराव, लिंगराज, मंजुश्री आणि दाराशी शरणप्पा. पोलिसांना अजून कळवलेलं नव्हतं. पत्रा तापलेला होता, वीज गेली होती, आणि भगवानराव सारखं घड्याळ बघत होते. चोर सापडला असेल तर नाव सांगा, असं ते म्हणाले.

प्रियंका म्हणाली, आधी चोरीचं सांगते. गोदामात दगड बदलले नाहीत, तसं असतं तर रोगण फुटलं असतं. दारं बदलली. व्यंकटनं ती बदलली नाहीत. त्याच्या हाताला कुंकू लागलं तेव्हा दारं खरी होती. आणि पुढं त्यानंच बदलली असती, तर दारं बदलली आहेत हे आपण होऊन सांगितलं नसतं. खोटी दारं त्याला करताही आली नसती, कारण ती यंदाच्या येळवशीआधीच्या दारांची नक्कल आहेत. हे तिनं फोटो दाखवून समजावलं. याच कारणानं भगवानराव आणि लिंगराजही सुटत होते.

"मग उरलं कोण?" भगवानरावांनी विचारलं.

"त्याच्या आधी दुसरं बघू, सावकार," प्रियंका म्हणाली. फसवायला नक्कल करणारा माणूस आतल्या बाजूला नुसता काळा रंग फासून मोकळा होतो. इथं एकेक बोट काढलंय, जुनं फिकं, नवं ठळक, हुबेहूब. ही दारं कुणाला फसवायला केलेलीच नाहीत. ती शिकण्यासाठी केली, त्या वस्तूवर जीव जडला म्हणून केली, आणि सौदा व्हायच्या आधीच तयार होती. फसवायला ती नंतर वापरली गेली.

ती शरणप्पाकडे वळली. प्रदर्शनाचे बोर्ड किती उंच होते, असं तिनं विचारलं. शरणप्पानं हात डोक्यावर नेला. मग त्याची नजर कपाटाच्या दारांकडे गेली आणि हात तसाच वर राहिला. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आत आलं होतं, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बाहेर गेलं होतं. त्यानं दोन्ही वेळा चादरच बघितली होती.

"बस करा," मंजुश्री म्हणाली. "मी सांगते."

भगवानराव तिच्याकडे बघतच राहिले. तिनं मात्र वडिलांकडे पाहिलं नाही, प्रियंकाशीच बोलत राहिली. दिवाळीत ती निर्ण्याला गेली होती. दारांचे साचे घेतले, फोटो काढले, महाविद्यालयात दोन महिने राबून नक्कल केली. परीक्षेसाठीचं काम होतं ते. संक्रांतीला घरी आली तेव्हा हौसेनं वडिलांना कपाटाचे फोटो दाखवले, नक्कल केल्याचं मात्र सांगितलं नाही. ही काच नाही, जेड आहे, हेही तिनंच सांगितलं. पुढं ती हैदराबादला परत गेली. सुट्टीत नक्कल केलेली दारं सोबत घेऊन आली तर कपाट इथं उभं होतं आणि वडील जेवताना हसत हसत सांगत होते की म्हातारीला काच म्हणून पटवलं.

"त्यांना ठाऊक झालं ते माझ्यामुळं," ती म्हणाली. "आजीनं मला जेवू घातलं, आणि मी चोराला घर दाखवून आले."

तिचं गणित असं होतं. बेंगळुरूच्या बाई येतील, दगड खोटे म्हणतील. बाबा चिडतील, निर्ण्याला जाऊन कपाट आजीच्या दारात टाकतील आणि सौदा मोडतील. मग ती खरी दारं गुपचूप नेऊन आजीला देईल आणि त्यांची किंमत काय ते सांगेल. लिंगराजनी निर्ण्यातच चाकू लावून बघितला होता, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. दगड निर्ण्यात खरे होते हे बाबांना पक्कं ठाऊक आहे, हे तिला कळलं ते पोलीस आल्यावर.

"आणि व्यंकट?" प्रियंकानं विचारलं.

मंजुश्री म्हणाली की काल संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. मग रात्री. मग आज सकाळी.

खरी दारं कुठं आहेत, असं भगवानरावांनी विचारलं. दारं घरातच होती, तिच्या खोलीत, पलंगामागे भिंतीला टेकून. त्यांनी काल दोनदा त्या खोलीत येऊन तिच्यासमोर व्यंकटला शिव्या दिल्या होत्या.

लिंगराज उठून बाहेर निघाले. प्रियंकानं त्यांना थांबवलं नाही. भगवानराव मुलीला म्हणाले की तू एक शब्द बोलायचा होतास. मंजुश्री म्हणाली, "बोलले होते, बाबा. पहिल्याच रात्री, ताटावर. तुम्ही म्हणलाव, धंद्यातलं तुला कळत न्हाई."

ते त्यांना आठवत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसलं.

७

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. प्रियंकानं अहवाल दिला की चोरी झालेली नाही आणि भरपाई देणं लागत नाही. मंजुश्रीनं फौजदारासमोर जबाब दिला. भगवानरावांनी तक्रार मागं घेतली. आपण होऊन नाही, पण घेतली. कलाबाईंना हे सगळं सांगायला प्रियंका आणि मंजुश्री निर्ण्याला गेल्या. कलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग मंजुश्रीला जवळ न बोलावता विचारलं की तो सुतार घरी गेला का. सुटेल आज, असं कळल्यावर त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या. कपाट त्यांनी परत मागितलं. ठेवायचं कुठं ते माझं मी बघीन, आणि विकायचं झालं तर त्या बेंगळुरूच्या बाईशी मी बोलीन, असं त्या म्हणाल्या. भगवानरावांनी दिलेले पैसे त्यांनी खर्चले नव्हते. ते त्यांनी फडक्यात बांधून प्रियंकाच्या हातात दिले.

व्यंकट दुपारी सुटला. ठाण्याच्या बाहेर नागम्मा उभी होती, आणि रस्त्याच्या पलीकडे मंजुश्री. प्रियंकानं तिला सांगितलं होतं की आज येऊ नकोस, त्याला घरी जाऊ दे. तिनं ऐकलं नाही.

मंजुश्री रस्ता ओलांडून आली आणि पाया पडायला वाकली. व्यंकट मागं सरला. त्यानं तिला उठायला सांगितलं. ती काय बोलली ते गाड्यांच्या आवाजात प्रियंकाला नीट ऐकू आलं नाही. चूक झाली, भरून देईन, असं काहीतरी होतं.

व्यंकटनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की काल-परवात तीन घरांनी नागम्माला बोलावून कामं काढून घेतली. एका घरी तर त्याची हत्यारं दाराबाहेर ठेवली होती. त्या घरी त्यानं बारा वर्षं काम केलं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा पाट त्यानंच केला होता.

"कागदावर मी सुटलो, ताई," तो म्हणाला. "त्या लोकांनी कागद बघितला न्हाई. त्यांनी मला गाडीत बसताना बघितलंय."

मंजुश्री म्हणाली की मी त्यांना फोन करते, आत्ता करते. व्यंकटनं मान हलवली.

"फोन नको. चला."

आणि तो चालू लागला. नागम्मा त्याच्या मागं निघाली, तिच्या मागं मंजुश्री. प्रियंका स्कूटीजवळ उभी होती. तिचं काम संपलं होतं, अहवाल गेला होता, घरी जायला हरकत नव्हती. तिनं किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली आणि त्यांच्या मागं गेली.

पहिलं घर जवळच होतं, गुलाबी रंगाचं, दारात तुळस. भिंतीच्या कडेला उन्हात एक करवत, रंधा आणि पटाशांची पिशवी पडली होती. व्यंकटनं त्यांना हात लावला नाही. तो आणि नागम्मा फाटकाबाहेर थांबले. मंजुश्री एकटी पायऱ्या चढली.

बेल वाजवायला तिला वेळ लागला. दार एका वयस्क बाईनं उघडलं. सावकारांची मुलगी बघून ती आधी हसली, मग तिला फाटकाबाहेरचा व्यंकट दिसला आणि ती दार ओढून घेऊ लागली. मंजुश्रीनं दारावर हात ठेवला.

"काकू, आतल्यांना पण बोलवा," ती म्हणाली. "मला सगळ्यांसमोर सांगायचंय. ती दारं मी नेली होती."